सिहोऱ्याच्या मैदानावर एक प्रश्नावली : कर्णबधिर महिलांच्या खेळाची ओळख कशी मोजावी

प्रेक्षक-सर्वेक्षण म्हणजे एखाद्या सामन्याला किंवा जत्रेला जमलेल्या लोकांपैकी काहींना ठरावीक पद्धतीने निवडून, त्या सर्वांना तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारून, मिळालेल्या उत्तरांवरून साऱ्या गर्दीविषयी अनुमान काढणे. कर्णबधिर महिलांच्या खेळांविषयी लोकांना कितपत माहिती आहे हे या पद्धतीने मोजता येते. परंतु या विषयात आकडा हाती येणे जितके सोपे, तितकेच त्याचा अर्थ लावणे अवघड आहे. जे खेळ वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर क्वचित येतात आणि खेड्यातल्या मैदानावर सहसा होत नाहीत, त्यांच्याविषयीचे अज्ञान हे प्रेक्षकाच्या उदासीनतेचे माप समजायचे, की त्याच्यापर्यंत काहीच न पोहोचवणाऱ्या व्यवस्थेचे, हे त्या आकड्यावर लिहिलेले नसते. प्रश्न कसे विचारले, कोणाला विचारले आणि कोणाला विचारायचे राहून गेले, यावरून ते ठरते. भंडारा जिल्ह्यातील सिहोऱ्यासारख्या गावी असे सर्वेक्षण करायचे ठरवले, तर या सगळ्या अडचणी एकाच मैदानावर उभ्या राहतात, म्हणून त्या गावाच्या आधारे हा विषय समजून घेणे सोयीचे आहे.

तुमसर तालुक्यातील सिहोरा हे तुमसरहून बपेऱ्याकडे आणि पुढे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावरचे, आसपासच्या धानपट्ट्यातील खेड्यांच्या राबत्याचे गाव आहे. चांदपूरचा जलाशय आणि तेथील हनुमानाचे देवस्थान जवळच असून, बावनथडी नदीवरील सोंड्याटोला उपसा सिंचन योजनेचे पाणी याच जलाशयात येते; लोकांच्या बोलण्यात मराठीबरोबर पोवारी आणि हिंदी सहज मिसळलेली असते. दिवाळी झाली की भंडारा-गोंदियाच्या गावोगावी मंडई भरते, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, दिवसा बाजार आणि रात्री दंडार (येथले लोकनाट्य) किंवा नाटक असा थाट असतो, आणि धान घरात आल्यावर हिवाळ्यात कबड्डीचे सामने रंगतात. खेळ पाहण्याची हौस येथे आहे, खेळाडूच्या चढाईवर पैज लावण्याइतकी जाणही आहे; त्यामुळे माहितीचा अभाव आढळल्यास तो रसिकतेच्या अभावामुळे आहे असे म्हणण्याची सोय येथे उरत नाही. सर्वेक्षणासाठी अशी जागा निवडण्याचे हे पहिले कारण आहे.

दुसरे कारण नमुन्याशी संबंधित आहे. ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा तो सारा लोकसमूह म्हणजे ‘समष्टी’, आणि त्यातून प्रत्यक्ष प्रश्न विचारण्यासाठी निवडलेले लोक म्हणजे ‘नमुना’. कर्णबधिर खेळाडूंची स्पर्धा जेथे चालू असेल त्याच मैदानावर प्रेक्षकांना प्रश्न विचारले, तर तेथे बसलेले बहुतेक जण खेळाडूंचे नातेवाईक, शिक्षक, स्वयंसेवक किंवा स्वतः कर्णबधिर असतात, आणि त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांना या खेळाची माहिती असणे स्वाभाविकच आहे. अशा ठिकाणी मिळालेला मोठा आकडा पुढे ‘जनजागृती’ म्हणून अहवालात छापला जातो, हा या क्षेत्रातील नेहमीचा दोष होय. सर्वसामान्य जाणिवेचा अंदाज घ्यायचा असेल, तर ज्यांचा त्या खेळाशी संबंध नाही पण ज्यांना खेळ आवडतो, अशा प्रेक्षकांकडे जावे लागते, म्हणजेच कबड्डीच्या किंवा मंडईच्या गर्दीत.

प्रश्न विचारण्याआधी विचारणाऱ्याला विषय नीट ठाऊक असला पाहिजे, आणि येथे गोंधळाला पुष्कळ वाव आहे. कर्णबधिर खेळाडूंची जागतिक स्पर्धा म्हणजे डेफलिम्पिक. ती पॅरालिम्पिकचा भाग नाही आणि तिचा जन्मही पॅरालिम्पिकच्या कितीतरी आधीचा आहे. युजीन रुबेन्स-अल्के या फ्रेंच कर्णबधिर कार्यकर्त्याच्या पुढाकाराने ऑगस्ट १९२४ मध्ये पॅरिस येथे पहिले ‘आंतरराष्ट्रीय मूक क्रीडासामने’ झाले. नऊ देशांच्या सुमारे दीडशे खेळाडूंमध्ये स्त्री खेळाडू एकच होती. याच मेळाव्यात कर्णबधिरांची आंतरराष्ट्रीय क्रीडासमिती स्थापन झाली, १९४९ मध्ये ऑस्ट्रियातील झेफेल्ड येथून हिवाळी स्पर्धाही सुरू झाल्या, आणि २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ‘डेफलिम्पिक’ हे नाव वापरण्यास मान्यता दिली. पॅरालिम्पिकमध्ये ज्या दहा प्रकारच्या व्यंगांसाठी गट केले जातात, त्यांत दृष्टिदोष आहे, बौद्धिक अक्षमता आहे, पण श्रवणदोष नाही. कर्णबधिर खेळाडू पॅरालिम्पिकमध्ये दिसत नाहीत याचे कारण इतके साधे आहे; तरीही सुशिक्षित वाचकालाही ते बहुधा ठाऊक नसते.

या स्पर्धेत भाग घेण्यासाठी चांगल्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल असावी लागते. डेसिबल हे आवाजाची तीव्रता मोजण्याचे एकक असून, समोरासमोरचे साधे संभाषण साधारण ६० डेसिबलच्या आसपास होते, यावरून या अटीची कल्पना येते. ही हानी ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या तीन कंपनसंख्यांवर मोजून तिची सरासरी काढतात. भारतातील दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मात्र दोन्ही कानांत ७० डेसिबल हानी असलेल्यास ‘बधिर’ आणि ६० ते ७० डेसिबल हानी असलेल्यास ‘कमी ऐकू येणारा’ मानतो. म्हणजे ५६ किंवा ५८ डेसिबल हानी असलेली मुलगी डेफलिम्पिकसाठी पात्र ठरू शकते, पण या व्याख्येनुसार श्रवणदिव्यांगांत तिची गणना होत नाही. अशी मुलगी गावात असली तरी शाळेच्या किंवा पंचायतीच्या यादीत तिचे नाव ‘कर्णबधिर’ म्हणून येणार नाही, आणि तिच्यापर्यंत या स्पर्धेची बातमी कोणत्या वाटेने पोहोचणार हा प्रश्न उरतोच.

स्पर्धेच्या वेळी कानातले श्रवणयंत्र आणि शस्त्रक्रियेने बसवलेल्या कॉक्लिअर उपकरणाचा बाहेरचा भाग काढून ठेवावा लागतो, जेणेकरून सर्वांची परिस्थिती सारखी राहावी. धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजाऐवजी दिव्यांचा संकेत असतो, लाल दिव्याला जागा घ्यायची, पिवळ्याला सज्ज व्हायचे आणि हिरव्याला सुटायचे. फुटबॉलमध्ये पंच शिट्टीच्या जोडीला झेंडा उंचावतो. नियमांतला बदल एवढाच असतो. धावण्याचे अंतर, गोलाचे माप, नेमबाजीतले लक्ष्य, कुस्तीतले डाव यांत फरक नसतो, आणि कर्णबधिरांचा खेळ म्हणजे काहीतरी सौम्य, सवलतीचा खेळ असावा ही समजूत इथेच खोटी ठरते. सर्वेक्षणात ‘नियम वेगळे असतात का’ हा प्रश्न घालावा तो या समजुतीसाठी.

स्त्रियांच्या बाबतीत ही समजूत आणखी घट्ट असते, म्हणून इतिहासातील एक नाव येथे आवर्जून घ्यावे लागते. हंगेरीची तलवारपटू इल्डिको रेय्तो जन्मतः बधिर होती. प्रशिक्षक तिला सूचना कागदावर लिहून देत. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे ऐकू येणाऱ्यांच्या स्पर्धेत, तिने फॉइल या प्रकारात वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन सुवर्णपदके जिंकली, आणि १९६० ते १९७६ या काळात तिची एकूण ऑलिम्पिक पदके सात झाली. भारतात हरियाणाची गोल्फपटू दीक्षा डागर २०१७ मध्ये तुर्कस्तानातील सामसुन येथील डेफलिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकून पुढे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळली, आणि दोन्ही स्पर्धांत उतरलेली ती जगातली पहिली गोल्फपटू ठरली. मे २०२२ मध्ये ब्राझीलमधील काशियास दो सूल येथे तिने डेफलिम्पिकचे सुवर्ण मिळवले, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही ती होती. त्याच ब्राझीलच्या स्पर्धेत मदुराईच्या जर्लिन अनिकाने बॅडमिंटनमध्ये एकेरी, मिश्र दुहेरी आणि सांघिक अशी तीन सुवर्णपदके जिंकली आणि भारताची एकूण पदके सोळा झाली.

यानंतरची डेफलिम्पिक १५ ते २६ नोव्हेंबर २०२५ या काळात टोकियोत झाली. भारताने ९ सुवर्ण, ७ रौप्य आणि ४ कांस्य अशी वीस पदके मिळवून सहावे स्थान घेतले. त्यांतील सोळा पदके एकट्या नेमबाजीतील होती. महाराष्ट्राची प्रांजली धुमाळ २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण, अभिनव देशवालच्या जोडीने मिश्र सांघिक एअर पिस्तुलात सुवर्ण आणि १० मीटर एअर पिस्तुलात रौप्य अशी तीन पदके घेऊन आली. १० मीटरच्या त्या प्रकारात सुवर्ण अनुया प्रसादचे होते, म्हणजे पहिल्या दोन्ही जागा भारतीय मुलींकडेच होत्या. महित संधूने रायफलमध्ये दोन सुवर्ण आणि दोन रौप्य मिळवली.

हा नोव्हेंबर महिना सर्वेक्षण करणाऱ्याला जवळजवळ आयता प्रयोग उपलब्ध करून देतो. २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. २३ नोव्हेंबरला कोलंबो येथे दृष्टिहीन महिलांच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. २४ नोव्हेंबरला ढाका येथे महिला कबड्डी संघाने विश्वचषक राखला. आणि हे सर्व चालू असताना टोकियोत कर्णबधिर नेमबाज मुली पदकांमागून पदके घेत होत्या. देश एक, महिना एक, जिंकणाऱ्या स्त्रियाच. या चार घटनांपैकी कोणत्या ठाऊक आहेत असे सिहोऱ्याच्या प्रेक्षकाला विचारले, तर उत्तरांत जो फरक पडेल तो यशाच्या मोठेपणामुळे पडलेला नसेल. क्रिकेटची माहिती प्रक्षेपणातून आली असेल, दृष्टिहीन संघाची क्रिकेटच्याच ओघाने. कबड्डीचे उत्तर विशेष लक्षपूर्वक पाहावे लागेल, कारण जो प्रेक्षक रात्रभर थंडीत कबड्डी पाहतो त्यालाही ढाक्याचा विजय ठाऊक नसेल, तर अडचण बहिरेपणापाशी सुरू होत नसून स्त्रियांच्या खेळापाशीच सुरू होते असे मानावे लागेल. दोन कारणे एकमेकांपासून वेगळी करण्यासाठी चार घटनांची ही मांडणी एका घटनेच्या प्रश्नापेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा असतो. आधी कोणतीही सूचना न देता ‘आपल्या देशाच्या कोणत्याही बहिऱ्या महिला खेळाडूचे नाव सांगता येईल का’ असे विचारायचे. याला साह्याविना स्मरण म्हणता येईल, आणि येथे बहुतेक उत्तरे कोरी राहतील अशी तयारी ठेवायची. त्यानंतर नावांची किंवा स्पर्धांची यादी वाचून ‘यांपैकी काय ऐकले आहे’ असे विचारायचे. हे साह्य दिलेले स्मरण होय. दुसऱ्या प्रकारात ‘हो’ म्हणणाऱ्यांची संख्या नेहमी फुगते, कारण समोर वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘मला माहीत नाही’ असे सांगणे अनेकांना कमीपणाचे वाटते आणि दिव्यांगांविषयी तर चांगलेच बोलण्याचे दडपणही असते. शास्त्रीय भाषेत याला सामाजिक इष्टतेचा पूर्वग्रह म्हणतात, म्हणजे खऱ्याऐवजी शोभेल ते उत्तर देण्याची प्रवृत्ती. तिचा अंदाज घेण्यासाठी यादीत अस्तित्वातच नसलेल्या एका स्पर्धेचे नाव मिसळतात. त्या बनावट नावालाही शंभरांपैकी वीस जणांनी ‘हो’ म्हटले, तर खऱ्या स्पर्धेच्या ‘हो’ उत्तरांपैकी साधारण तेवढी तशीच असणार हे उघड आहे. हा फसवा प्रश्न सर्वेक्षणकर्त्यांना अप्रामाणिक वाटतो आणि म्हणून तो सहसा गाळला जातो. परंतु तो गाळला की मागे राहतो तो आकडा बहुतांशी सौजन्याचा असतो.

‘ऐकले आहे’ आणि ‘ओळखतो’ यांतील अंतरही मोजायला हवे. दीक्षा डागरचे नाव ऑलिम्पिकच्या बातम्यांत आलेले असल्याने काहींना ते आठवेल, पण ती कर्णबधिर आहे हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, हा स्वतंत्र प्रश्न आहे. उलट ‘कर्णबधिरांची स्पर्धा असते’ एवढे ठाऊक असलेला माणूस ती पॅरालिम्पिकचाच भाग समजत असेल. म्हणून जाणिवेला एकच टक्केवारी देण्यापेक्षा तिचे थर वेगळे दाखवणे श्रेयस्कर : नाव ऐकलेले, वेगळी स्पर्धा म्हणून ओळखणारे, एखादा नियम सांगू शकणारे आणि प्रत्यक्ष सामना, मग तो मोबाइलवर का असेना, पाहिलेले. शेवटच्या थरातील लोकांची संख्या सर्वांत लहान असेल, पण विश्वास ठेवण्याजोगी तीच असेल.

नमुन्याचा आकार किती असावा, याविषयी बराच गैरसमज आढळतो. माणसे खरोखर यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी देऊन, घेतली असतील, तर शंभर जणांच्या उत्तरांतून काढलेल्या टक्केवारीत साधारण दहा अंकांची इकडेतिकडे शक्यता राहते, चारशे जणांत ती पाचांवर येते. चूक निम्मी करण्यासाठी माणसे चौपट लागतात. परंतु गावच्या गर्दीत माणसे सुटी येत नाहीत. हरदोलीहून किंवा चुल्हाडहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एकत्र आलेल्या दहा जणांना विचारले, तर ती दहा स्वतंत्र मते नसून एकाच गावातल्या, एकच वर्तमानपत्र वाचणाऱ्या, एकाच व्हॉट्सअ‍ॅप गटातल्या लोकांची जवळजवळ सारखी उत्तरे असतात. त्यामुळे चारशेंची भरती करूनही प्रत्यक्ष माहिती दीडदोनशेंइतकीच मिळाली असे होऊ शकते. यावर उपाय म्हणजे एका टोळक्यातून एकालाच घ्यायचे. मंडईला प्रवेशद्वार नसते, तेव्हा ‘दारातून येणारा प्रत्येक दहावा’ हा स्टेडियममधला नियम तेथे चालत नाही. मैदानाचे चार-सहा भाग आणि दिवसाचे तीन प्रहर पाडून, प्रत्येक भागात प्रत्येक प्रहरी ठरावीक संख्येने माणसे घ्यावी लागतात. रात्रीच्या दंडारीला बसलेली गर्दी आणि दुपारी बांगड्यांच्या दुकानापाशी असलेली गर्दी या दोन वेगळ्या गर्द्या आहेत.

दुपारच्या गर्दीत स्त्रिया असतात आणि कबड्डीच्या मैदानाभोवती बहुतांशी पुरुष, हे ध्यानात न घेता केवळ सामन्याच्या वेळी सर्वेक्षण केले, तर महिलांच्या खेळाविषयीचे पुरुषांचे मत तेवढे हाती येईल. शिवाय स्त्रीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शेजारी उभा असलेला नवरा, दीर किंवा मुलगा देतो, ही अडचण ग्रामीण भागात काम केलेल्या कोणत्याही अभ्यासकाला परिचित आहे. स्त्रियांना स्त्री-सर्वेक्षकांनी, थोडे बाजूला घेऊन विचारणे एवढाच त्यावर उपाय आहे. भाषेच्या बाबतीतही काळजी हवी : कागदावरचे ‘कर्णबधिर’ वाचून दाखवताना ‘ज्यांना ऐकू येत नाही’ अशी फोड सर्वांसाठी सारखीच करावी, नाहीतर एका सर्वेक्षकाच्या वहीत अज्ञान आणि दुसऱ्याच्या वहीत ज्ञान केवळ शब्दामुळे नोंदले जाते.

आता या सर्वेक्षणाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. सिहोऱ्याच्या गर्दीत कर्णबधिर स्त्रियाही असतात. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक नोंदली गेली. अशा देशात कोणत्याही मंडईत एकही बहिरी बाई नाही असे होणे कठीण. पण तोंडी प्रश्न विचारत फिरणाऱ्या सर्वेक्षकाला ती प्रतिसाद देत नाही, आणि ‘उत्तर देण्यास नकार’ या रकान्यात तिची नोंद होते किंवा नोंदच होत नाही. कर्णबधिर महिलांच्या खेळाविषयीचे सर्वेक्षण कर्णबधिर महिलेलाच वगळून पूर्ण होते, ही विसंगती टाळता येण्याजोगी आहे. भारतीय सांकेतिक भाषेतील प्रश्नांची चित्रफीत मोबाइलवर दाखवता येते; दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून आणि मुंबईतील अली यावर जंग संस्था १९८३ पासून कार्यरत असल्याने दुभाष्यांसाठी कोठे विचारायचे हा प्रश्न उरत नाही. परंतु ज्या मुली शाळेत गेल्याच नाहीत त्यांना ही भाषा येत नसते. त्या घरात घडलेल्या खुणांनी बोलतात, आणि त्या खुणा आईला किंवा बहिणीलाच कळतात. तेथे चित्रे दाखवून विचारणे आणि घरच्या स्त्रीची मदत घेणे याशिवाय मार्ग नाही, आणि मदत घेताना उत्तर मदतनिसाचे की मुलीचे हे पुन्हा पडताळावे लागते. अशी दहा उत्तरे मिळवायला जितका वेळ लागतो तितक्यात ऐकू येणाऱ्यांची शंभर उत्तरे मिळतात. आकड्यांची घाई असलेल्या अहवालांत ती दहा उत्तरे येत नाहीत, त्याचे खरे कारण हेच आहे.

प्रेक्षक म्हणून कर्णबधिर स्त्रियांची स्थिती काय, हेही विचारण्यासारखे आहे. कबड्डीच्या सामन्यात निम्मी रंगत ध्वनिक्षेपकावरच्या समालोचनात असते. गुणफलक नसेल तर न ऐकणाऱ्या प्रेक्षकाला गुण कळत नाहीत. स्वतः खेळण्याच्या बाबतीत तर कबड्डीचा मूळ नियमच आवाजाचा आहे, कारण चढाई करणाऱ्याने सतत, पंचाला ऐकू जाईल असा दम घालायचा असतो. पण आता चढाईला तीस सेकंदांची मर्यादा असल्याने सर्वांना दिसणारे घड्याळ आणि शिट्टीच्या जोडीला हाताचा किंवा झेंड्याचा संकेत एवढ्यावर खेळ चालू शकतो, आणि हे सिहोऱ्याच्या प्रेक्षकाला सांगितल्यावर तो त्यावर तावातावाने मत देईल, कारण हा त्याच्या जाणकारीच्या प्रांतातला प्रश्न आहे. ‘बहिऱ्या मुलींची कबड्डी पाहायला याल का’ यापेक्षा ‘दम न घालता चढाई मान्य करावी का’ हा प्रश्न अधिक खरे उत्तर काढतो. पहिल्याला सर्वजण ‘हो’ म्हणतील. ‘स्वतःच्या घरातील न ऐकणाऱ्या मुलीला तालुक्याबाहेर स्पर्धेला पाठवाल का, आणि सोबत कोण जाईल’ हा प्रश्न त्याहूनही पुढचा, कारण सोबतीचे नाव घ्यावे लागले की शोभेचे उत्तर अडखळते.

मिळालेल्या आकड्याचा अर्थ कसा लावावा, यासाठी जपानचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील निप्पॉन फाउंडेशनशी संबंधित संशोधन गटाने २०१४ मध्ये विचारले तेव्हा डेफलिम्पिक ठाऊक असलेले ११.२ टक्के होते, आणि २०२१ मध्ये १६.३ टक्के, पॅरालिम्पिकचे नाव मात्र दोन्ही वेळा सुमारे ९८ टक्के लोकांना माहीत होते. साक्षरता, वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी यांत कसलीही उणीव नसलेल्या देशात सात वर्षांत अवघी पाच टक्क्यांची वाढ झाली, तर उणीव लोकांच्या मनात शोधण्यात अर्थ नाही. पुढे यजमानपद टोकियोकडे आले, शाळाशाळांतून स्पर्धेची ओळख करून देण्यात आली, प्रेक्षकांना प्रवेश विनामूल्य ठेवला, आणि जपानी सांकेतिक भाषेवर आधारित, हातांनी प्रोत्साहन देण्याची एक पद्धत खास तयार करून शिकवली गेली, जेणेकरून ज्यांना टाळ्या ऐकू येत नाहीत त्या खेळाडूंना प्रेक्षकांचा जल्लोष दिसावा. तेथे भर स्पर्धा लोकांना प्रत्यक्ष दिसण्यावर होता. सर्वसाधारण समजूत याच्या उलट असते, की आधी जागृती करावी, मग प्रेक्षक येतील. आणि बहुतेक मोहिमांचा पैसा फलकांवर आणि शपथांवर खर्च होतो तो या समजुतीपोटी.

भारतात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. ‘गूंगा पहलवान’ म्हणून ओळखले जाणारे कुस्तीगीर वीरेंदर सिंग यांनी राष्ट्रपतींच्या हस्ते पद्मश्री स्वीकारली, आणि दुसऱ्याच दिवशी ते पदके घेऊन दिल्लीतील हरियाणा भवनासमोर पदपथावर बसले. कर्णबधिर खेळाडूंना पॅरा-खेळाडूंच्या बरोबरीचे हक्क मिळावेत ही त्यांची मागणी होती. डेफलिम्पिकमध्ये अनेक पदके जिंकलेल्या पुरुष मल्लाला आपला खेळ कोणत्या रकान्यात मोडतो हे असे सांगावे लागत असेल, तर स्त्री खेळाडूविषयी सिहोऱ्याच्या प्रेक्षकाने काही ठाऊक असल्याचे सांगावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे. म्हणून या सर्वेक्षणात ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला तेथेच न सोडता, क्रिकेटच्या विश्वचषकाची बातमी त्याला कोठून कळली, ते वर्तमानपत्र, ती वाहिनी, तो गट कोणता, हे विचारून त्याच माध्यमांत त्या महिन्यात प्रांजली धुमाळचे नाव किती वेळा आले होते हे स्वतंत्रपणे मोजावे. प्रेक्षकाचे उत्तर आणि माध्यमांची मोजणी शेजारी ठेवली, की अज्ञानाचा किती भाग कोणाच्या खात्यावर टाकायचा हे बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि जिल्हा पातळीवर दिव्यांग विद्यार्थ्यांच्या क्रीडास्पर्धाही होतात. पण त्या बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी, शाळांच्या वेळेत, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोर पार पडतात, जेथे कबड्डीचा प्रेक्षक नसतो. त्यांतलाच मुलींचा एखादा सामना हिवाळ्यात सिहोऱ्याच्या चालू कबड्डी स्पर्धेत, अंतिम फेरीच्या आधी, घड्याळ आणि झेंडा लावून ठेवला, आणि बपेऱ्यासारख्या शेजारच्या गावच्या स्पर्धेत तो ठेवला नाही, तर तुलनेची सोय आपोआप होते. दोन्ही ठिकाणी सामन्यापूर्वी एकदा आणि दोन महिन्यांनी पुन्हा एकदा तेच प्रश्न विचारायचे. सिहोऱ्यात झालेली वाढ वजा बपेऱ्यात झालेली वाढ, एवढाच त्या सामन्याचा परिणाम मानायचा, कारण मधल्या काळात दूरचित्रवाणीवर काही आले असेल तर ते दोन्ही गावांनी सारखेच पाहिलेले असते. बपेऱ्याचे लोक सिहोऱ्याचा सामना पाहायला येणारच, इतकी ही गावे जवळ आहेत, तेव्हा दुसऱ्या फेरीत ‘त्या दिवशी आपण कोठे होता’ हा प्रश्न वाढवावा लागेल. बनावट स्पर्धेचे नाव दुसऱ्या फेरीसाठी बदलावे लागेल, कारण पहिल्या फेरीत ज्यांना ते विचारले गेले त्यांनी ते दोन महिन्यांत गावभर केलेले असेल.